कॅमेरा सरासरी काढतो

गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघाली की सोलापूरच्या रस्त्यांवर माणसांपेक्षा मोबाइलच जास्त दिसतात. संध्याकाळपर्यंत ते फोटो व्हॉट्सअॅपवर फिरू लागतात आणि त्यातल्या बऱ्याच फोटोंत एकच खोट असते. पांढरीशुभ्र बाराबंदी घातलेले भक्त करडे दिसतात. कडक इस्त्रीचे कपडे, जानेवारीतलं स्वच्छ ऊन, हातात चांगला महागाचा फोन, आणि फोटोत कपडे मात्र आठवडाभर अंगावरच असल्यासारखे.

फोन बिघडलेला नसतो. त्याला शिकवलेलं काम त्याने चोख केलेलं असतं. कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय हे ठाऊक नाही. त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडात दोन गोष्टी एकत्र झालेल्या असतात: वस्तूवर किती उजेड पडला, आणि वस्तूने त्यातला किती परत फेकला. त्याला दिसतो तो फक्त दोन्हींचा गुणाकार. भर उन्हातलं काळं घोंगडं आणि ओसरीतल्या सावलीतलं पांढरं धोतर, दोन्हींकडून येणारा उजेड जवळपास सारखा असू शकतो. मग घोंगडं कुठलं आणि धोतर कुठलं हे कॅमेऱ्याने कसं ओळखायचं? ओळखता येत नाही, म्हणून तो एक गृहीत धरून चालतो. समोरचं सगळं दृश्य एकत्र केलं तर ते मध्यम करडं निघेल, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारं. बहुतेक वेळा हे गृहीत खपून जातं, कारण बहुतेक दृश्यांत थोडं काळं, थोडं पांढरं असतंच. पण समोर पांढऱ्या बाराबंद्यांची रांगच्या रांग आली की कॅमेऱ्याला वाटतं, उजेड फारच झाला. तो उजेड कमी घेतो आणि पांढऱ्याचं करडं होतं. धनगराचं काळं घोंगडं फ्रेमभर घ्या, तो उलट वागेल आणि काळ्याचं करडं करेल. अलीकडचे फोन चेहरे ओळखून, दृश्याचा अंदाज बांधून ही चूक काही प्रमाणात सावरतात. मुळातलं गृहीत मात्र तेच आहे.

उपाय अगदी साधा. स्क्रीनवर बोट टेकवा, सूर्याचं चिन्ह येतं, ते वर सरकवा. मोठ्या कॅमेऱ्यात अधिक-उण्याचं बटण असतं, ते अधिक एकवर न्या. पांढरं पांढरं होतं.

मला वाटतं, फोटोग्राफी समजून घ्यायची तर इथूनच सुरुवात करावी. भिंगं, मेगापिक्सेल, ब्रँड हे सगळं नंतर. कॅमेरा हे सरासरी काढणारं यंत्र आहे. उजेडाची सरासरी, रंगाची सरासरी, आणि आताच्या फोनमध्ये तर लोकांना साधारणपणे काय आवडतं त्याचीही सरासरी. फोटोग्राफीला कला म्हणायचं ते एवढ्यासाठीच की काही ठिकाणी माणूस ही सरासरी नाकारतो. कुठे नाकारायची हे कळण्यासाठी यंत्राच्या पोटात काय चाललंय ते थोडं माहीत हवं.

आधी उजेड किती, ते पाहू. उजेड मोजायचं एकक आहे लक्स. दुपारच्या लख्ख उन्हात साधारण १,००,००० लक्स असतात. ट्यूबलाइट लावलेल्या यंत्रमागाच्या खोलीत २०० असले तर पुष्कळ. म्हणजे पाचशेपट फरक. रस्त्यावरून आत आल्यावर आपल्याला तो एवढा जाणवत नाही, कारण डोळा जुळवून घेतो आणि जुळवून घेतल्याचं आपल्याला कळूही देत नाही. कॅमेऱ्याला मात्र या पाचशेपटीचा हिशेब कुठून तरी भागवावा लागतो. त्याच्याकडे तीनच जागा आहेत: भिंगातलं छिद्र किती मोठं उघडायचं, ते किती वेळ उघडं ठेवायचं, आणि मिळालेला सिग्नल किती वाढवायचा. अॅपर्चर, शटर, आयएसओ.

उजेड दुप्पट किंवा निम्मा होणं याला फोटोग्राफर एक स्टॉप म्हणतात. पाचशेपट म्हणजे साधारण नऊ स्टॉप, कारण दोनने नऊ वेळा गुणलं की ५१२ होतात. फिल्मच्या काळात उन्हासाठी एक नियम सगळ्यांना पाठ असायचा: अॅपर्चर एफ/१६, आणि आयएसओ १०० असेल तर शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाचं. आता हाच कॅमेरा घेऊन यंत्रमागाच्या खोलीत शिरा. एफ/१६ वरून ११, ८, ५.६, ४, २.८, २ असं छिद्र उघडत गेलात की सहा स्टॉप वसूल. उरलेले तीन आयएसओ १०० वरून ८०० वर नेऊन मिळतात. हिशेब जुळला. एफचा आकडा लहान तर छिद्र मोठं, हे उलटं वाटतं. पण तो भागाकार आहे: भिंगाची फोकल लांबी (भिंगापासून लांबचं चित्र स्पष्ट उमटतं तिथवरचं अंतर) भागिले छिद्राचा व्यास. मधल्या आकड्यांत १.४ पटीची उडी दिसते त्याचं कारण भूमितीत आहे. व्यास १.४ पट झाला की क्षेत्रफळ दुप्पट होतं.

आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात, याचा दोष लोक कॅमेऱ्याला देतात. तो निम्माच खरा. उजेड कणाकणाने येतो आणि हे कण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. एका ठिपक्यावर सरासरी १०,००० कण पडत असतील तर चढउतार साधारण १०० चा, म्हणजे एक टक्का. डोळ्याला कळणारही नाही. पण कणच १०० पडत असतील तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. दाणे दिसतात ते हेच. अंधारात दाणे येणं हा उजेडाचाच स्वभाव आहे. म्हणून फोनचा नाइट मोड एका फोटोऐवजी अनेक फोटो घेऊन त्यांची सरासरी काढतो. पुन्हा सरासरीच. इथे ती कामाची असते, फक्त हलणाऱ्या माणसांचं भूत होतं.

उजेड कुठून येतो हे, माझ्या मते, उजेड किती आहे याहून महत्त्वाचं. आणि या बाबतीत सोलापूर अवघड गाव आहे. आपण साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहोत. त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. उभ्या खांबाची सावली पायाशीच गडप होते. शाळेत शून्य सावलीचा दिवस म्हणून दाखवतात तो हाच. ऑगस्टमध्ये ढग वाचवतात, मेमध्ये नाही. आणि आपल्याकडची लग्नं मेमध्ये! डोक्यावरच्या सूर्याने भुवयांची सावली डोळ्यांवर पडते, नाकाची ओठांवर, आणि हौसेने नटलेली नवरी फोटोत रात्रभर जागल्यासारखी दिसते. जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत तोच सूर्य भर दुपारीही साधारण ५१ अंशांपर्यंतच चढतो. म्हणून त्या दिवसांत दुपारीसुद्धा चेहऱ्यांना थोडा आकार येतो, आणि सकाळी-संध्याकाळी तर विचारायलाच नको.

सावली कडक की मऊ हे दिव्याच्या ताकदीवर नाही, दिसणाऱ्या आकारावर ठरतं. सूर्य प्रचंड आहे, पण आकाशात तो जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो, म्हणून त्याची सावली सुरीने कापल्यासारखी. ढग आले की अख्खं आकाशच दिवा होतं आणि सावल्या विरघळतात. हे एकदा कळलं की मेमधल्या लग्नात फ्लॅशची गरज निम्मी होते. जोडीला मांडवाच्या आत, पण कडेला आणा. तोंड बाहेरच्या उजेडाकडे. बाहेरची उन्हाने तापलेली चुन्याची भिंत किंवा जमिनीवर अंथरलेली पांढरी चादर इथे मोठा दिवा बनते. खिडकीजवळ बसलेल्या आजीचा फोटो कुणीही काढला तरी चांगला येतो, तेही याचमुळे.

आता वेळ. दागेर या फ्रेंच माणसाने १८३८ साली पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो घेतला. फोटोत रस्ता ओसाड आहे. एका कोपऱ्यात फक्त बूट पॉलिश करून घेणारा माणूस दिसतो. छिद्र काही मिनिटं उघडं होतं. घोडागाड्या, पादचारी सगळे हलत राहिले म्हणून उमटलेच नाहीत. हा एक जण पाय टेकवून थांबला होता, म्हणून तो राहिला. असाच दहा मिनिटांचा फोटो दिवाळीच्या तोंडावर नवी पेठेत काढला तर दुकानं दिसतील, दारात टेकलेला एखादा दुकानदार दिसेल, गिऱ्हाईक एकही नाही. फोटो खोटा नाही. ती दहा मिनिटं एकावर एक ठेवली तर असंच काही दिसतं. फक्त त्या रस्त्यावर उभ्या असलेल्या कुणालाही ते तसं दिसलेलं नसतं.

सोलापूरकराने शटर समजून घ्यायला धोट्याच्या जुन्या मागासमोर उभं राहावं. धोटा म्हणजे आडवा धागा ओढत नेणारा लाकडी तुकडा. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे सेकंदाला दहा मीटरच्या आसपास वेगाने जातो. सेकंदाच्या हजाराव्या भागात तो एक सेंटिमीटर सरकतो, म्हणजे फोटोत तो जवळजवळ जागच्या जागी गोठलेला दिसेल. शंभराव्या भागात दहा सेंटिमीटर. तिसाव्या भागात फूटभर लांब रेघ. यातला खरा कुठला? मागावर आयुष्य घालवलेल्या माणसाने गोठलेला धोटा कधी पाहिलेला नसतो. त्याला ठाऊक आहे ती रेघ आणि खडखडाट. खडखडाट फोटोत येत नाही, रेघ येते. मी तिसावा भाग घेईन: धोट्याची रेघ होते आणि विणकर जरा स्थिर असेल तर त्याचा चेहरा नीट राहतो. एखादा मागाच्या यंत्रावर माहिती लिहीत असेल तर त्याने हजारावा भाग घ्यावा. त्याला धोटा कसा असतो हेच दाखवायचं आहे. फोनला हे दोन हेतू वेगळे कळत नाहीत, त्याला फक्त फोटो हललेला चालत नाही.

यात्रेतलं शोभेचं दारूकामही याच हिशेबाचं. फोन किंवा कॅमेरा स्टँडवर, आयएसओ १००, शटर दोन-तीन सेकंद, कॅमेरा असेल तर एफ/८ किंवा ११. नाइट मोड बंद, नाहीतर आतषबाजीच्या सलग रेघांचे तुकडे होऊ शकतात.

अॅपर्चरबद्दल फार लिहीत नाही, कारण फोनमध्ये त्याचा खेळ फारसा उरलेला नाही. मोठं छिद्र ठेवलं की फोकसपुढचं-मागचं धूसर होतं, लहान ठेवलं की सगळं स्पष्ट. फोनच्या भिंगाची फोकल लांबी काही मिलिमीटरच असल्याने छिद्र मुळातच चिमुकलं, आणि जवळपास सगळंच स्पष्ट येतं. पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी नंतर हिशेब करून भरलेली असते. खात्री करायची तर गजरा माळलेल्या बाईचा फोटो मोठा करून पाहा. गजऱ्याची कडेची दोन-चार फुलं हटकून पार्श्वभूमीत विरघळलेली सापडतील.

अंतर ही मात्र फुकटची आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी गोष्ट. सेल्फीत नाक मोठं येतं आणि लोक भिंगाला दोष देतात. साधं गणित करू. कान नाकाच्या टोकापासून दहाएक सेंटिमीटर मागे धरा. फोन ३० सेंटिमीटरवर असेल तर नाक ३० वर, कान ४० वर. नाक कानांच्या तुलनेत ३३ टक्के फुगलेलं. फोन दीड मीटरवर न्या: १५० आणि १६०, फरक सात टक्क्यांचा. भिंग तेच असलं तरी हा फरक पडतो, कारण चेहऱ्याची प्रमाणं अंतर ठरवतं. भिंगाकडे फक्त काटछाट असते. म्हणून माणसाचा चेहरा घ्यायचा तर मागे व्हा आणि मग झूम करा.

हेच गणित गर्दीला लावलं की ते राजकारण होतं. होम मैदानावरच्या सभेचा फोटो लांबून, मोठ्या झूमने घेतला तर पुढची आणि मागची डोकी जवळजवळ एकाच आकाराची येतात, मधल्या मोकळ्या जागा दिसत नाहीत, सभा उसळलेली वाटते. तोच फोटो व्यासपीठाजवळून रुंद भिंगाने घेतला तर मागच्या रिकाम्या खुर्च्या दूर दूर पसरतात. दोन्ही फोटो त्याच मिनिटाचे असू शकतात. पेपरात गर्दीचा फोटो बघताना माझी नजर आधी डोक्यांच्या आकारावर जाते, ही सवय आता सुटायची नाही.

अंतराचा सगळ्यात सुंदर वापर पाहायचा असेल तर गांधीजी आणि चरख्याचा तो फोटो पाहा. लाइफ मासिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ साली पुण्यात तो काढला. आधी चरखा चालवायला शिका, मग फोटो, अशी अट त्यांना घालण्यात आली होती, आणि फ्लॅशचे बल्ब तीनच वापरायचे होते. हा फोटो बहुतेकांना आठवतो तो सूत कातणाऱ्या गांधीजींचा म्हणून. नीट पाहा: गांधीजी मागे बसून कागद वाचतायत. सूत कातणं चाललेलंच नाही. चरखा पुढे, कॅमेऱ्याच्या जवळ, म्हणून मोठा; माणूस मागे, म्हणून लहान; मागे खिडकीचा उजेड. बर्क-व्हाइटबाईंनी उभं राहायची जागा अशी निवडली की वाचणाऱ्या माणसाला आपण आयुष्यभर कातताना पाहिल्याचं आठवत राहतो. फोटोचा अर्थ कुठून येतो या प्रश्नाला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. अर्थाचा मोठा वाटा उभं कुठे राहायचं या निवडीतून येतो.

रंगाकडे येऊ. कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरला रंग कळत नाहीत, फक्त उजेडाचा कमीजास्तपणा कळतो. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर एक रंगीत काच बसवलेली असते, निम्म्यांवर हिरवी, पाव भागावर तांबडी, पाव भागावर निळी. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी या मांडणीचं पेटंट १९७६ साली मिळवलं आणि आजही बहुतेक कॅमेरे त्यावरच चालतात. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत खरं तर ६० लाख हिरव्या, ३० लाख तांबड्या आणि ३० लाख निळ्या नोंदी असतात. प्रत्येक ठिपक्यावरचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरलेले. तुमच्या फोटोतला दोन तृतीयांश रंग हिशेबाचा आहे, हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो.

त्यावर व्हाइट बॅलन्स. बल्बचा उजेड पिवळट, सावलीतला निळसर. आपला मेंदू हा फरक पुसून टाकतो, म्हणून कॅमेराही पुसायला जातो. साधारण तत्त्व असं की सगळ्या दृश्याचे रंग एकत्र केले तर करडा यावा; पिवळं जास्त दिसलं तर थोडं निळं मिसळा. आता चंपाषष्ठीला बाळ्याच्या खंडोबाला जा. भंडाऱ्याची उधळण, माणसं, पायऱ्या, हवा सगळीच पिवळी. कॅमेरा म्हणतो, हे काहीतरी बिघडलंय, आणि इमानाने दुरुस्त करायला बसतो. भंडारा फिकट होतो, कपडे निळसर. खंडोबाच्या दारात भंडारा हीच दुरुस्त करायची चूक ठरावी, याहून मोठा विनोद नाही. सेटिंगमध्ये जाऊन ऑटोऐवजी उन्हाचं चिन्ह निवडलं की पिवळं परत येतं. सिद्धेश्वर तलावाच्या काठावरचा मावळतीचा रंगही असाच वाचवता येतो.

पण रंगाच्या सरासरीने केलेला खरा अन्याय माणसाच्या कातडीवर आहे. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळांना रंग जुळवायला एक संदर्भ-कार्ड मिळायचं, त्यावर बहुधा गोऱ्या बाईचा फोटो. तिची कातडी बरोबर आली की रंग बरोबर. सावळ्या, काळ्या चेहऱ्यांतले बारकावे या मापात सापडायचेच नाहीत. गोरा आणि काळा माणूस शेजारी उभे राहिले तर एकाचा चेहरा तरी बिघडायचा. कोडॅकने फिल्म सुधारली तेव्हा त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारीही होत्या, असं सांगितलं जातं. तपकिरी रंगाच्या छटा वेगवेगळ्या दिसत नाहीत, माल कसा विकायचा, ही त्यांची अडचण. आज सेन्सर हे सगळं टिपू शकतो. आता अडथळा आवडीनिवडीचा आहे. कित्येक फोनमध्ये ब्युटी मोड आधीपासून चालू असतो आणि तो चेहरा उजळ, गुळगुळीत करतो. विड्या वळणाऱ्या मावशींच्या चेहऱ्यावरचा उन्हाने रापलेला रंग आणि डोळ्यांजवळच्या सुरकुत्या हाच त्या फोटोतला ऐवज असतो. तो पुसून जे उरतं त्यात मावशी नसतात. ब्युटी मोड बंद करा. आणि सावळ्या चेहऱ्याला जास्त उजेडाची नव्हे, बाजूने येणाऱ्या उजेडाची गरज असते. कातडीवर चमकेची एक कड उमटली की चेहऱ्याला उठाव येतो.

पिक्सेल ही गोष्ट सोलापुरात समजावून सांगायला सगळ्यात सोपी. चादरीवरचा मोर जवळून पाहा: मोर नाहीच, फक्त उभे-आडवे धागे. कुठे हा धागा वर, कुठे तो. दहा फुटांवरून मोर दिसतो. फोटोही असाच ठिपक्यांच्या चौकटीवर बसवलेला असतो. हे मी नुसतं जुळवून आणत नाहीये. जकार्डच्या मागावर नक्षी उमटते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरून: भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही. हो किंवा नाही, एक किंवा शून्य. १८३९ साली ऑगस्टमध्ये फोटो काढण्याची दागेरची पद्धत जगासमोर मांडली गेली, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्येच, लिआँ शहरात, मागाचे जनक जकार्ड यांचं रेशमी चित्र विणलं गेलं. त्याला २४,००० पट्ट्या लागल्या होत्या. लांबून ते कोरीव छापचित्र वाटतं. आपल्याकडे भिंतीवर लावायच्या विणीव तसबिरी होतात, त्या याच घराण्यातल्या. पहिला डिजिटल कॅमेरा यायला मात्र १९७५ उजाडलं. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी तो बनवला. १०० गुणिले १०० ठिपक्यांचा एक फोटो कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागायची. ठिपक्यांच्या बाबतीत रेशीम पुष्कळ पुढे होतं.

चादरी आणि टॉवेल ऑनलाइन विकणाऱ्यांना या नात्याचा त्रास रोज होतो, फक्त नाव माहीत नसतं. कापडाच्या फोटोत मध्येच इंद्रधनुषी लाटा दिसतात, ज्या कापडावर नाहीत. विणीची जाळी आणि सेन्सरची जाळी यांचं माप एकमेकांच्या जवळ आलं की अशा लाटा उठतात. याला म्वारे म्हणतात. फोटोनंतर दुरुस्त करायला वैताग, आधी टाळायला सोपं: हातभर पुढे किंवा मागे व्हा, किंवा कॅमेरा थोडा तिरका धरा. गिऱ्हाइकाने लाटा बघून चादर परत पाठवण्यापेक्षा हे स्वस्त.

इथवरचं सगळं यंत्राचं झालं. फोटो सांगतो काय, हा प्रश्न राहिला, आणि तो सोपा नाही. फोटो एवढंच सांगतो की अमुक क्षणी भिंगासमोर हे होतं. त्यापलीकडचं त्याच्याजवळ काही नसतं. पार्क चौकाजवळच्या चार हुतात्मा पुतळ्यांचा फोटो बाहेरगावच्या माणसाला दाखवा. त्याला चार पुतळे दिसतील. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली. त्याआधी मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. यातलं काहीही त्या फोटोत नाही. ते फोटोखालच्या ओळीत असतं किंवा बघणाऱ्याच्या डोक्यात. म्हणून जुन्या फोटोमागे नाव-गाव-तारीख नसली की तो निम्मा मुका होतो. आणि म्हणूनच खऱ्या फोटोखाली खोटी ओळ टाकून दंगल पेटवता येते. फोटोत काहीही बदलावं लागत नाही.

फ्रेमची कड हीदेखील एक ओळच आहे, न लिहिलेली. तिच्या आत काय, बाहेर काय, एवढंच ती ठरवते. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, विमानसेवेत अडथळा होतो म्हणून. त्याआधी सूर्यास्ताचा फोटो काढताना चिमणी कडेबाहेर ठेवायची धडपड करणारे पुष्कळ होते. चित्र बिघडवते म्हणत. आता ज्यांच्या फोटोत ती चुकून राहिली त्यांच्याकडे गावाच्या क्षितिजाची नोंद आहे, आणि बाकीच्यांकडे नुसता सूर्यास्त, जो कुठल्याही गावचा असू शकतो. बंद पडलेल्या गिरण्यांच्या बाबतीतही हेच. सुंदर दिसावं म्हणून काय बाहेर ठेवायचं हे ठरवताना मी आता थोडा अडखळतो. विजेच्या तारा, फ्लेक्स, टमटम यांना शक्यतो आत येऊ देतो.

शेवटची निवड कॅमेरा बाजूला ठेवल्यावर होते आणि तिथे बहुतेक जण कच खातात. नान्नजच्या माळरानावर कळपातल्या काळविटांच्या उड्या टिपायला गेलेला माणूस तीनशे फोटो घेऊन येतो. (माळढोक दिसेल या आशेने जाऊ नये, तिथे तो आता दुर्मीळ झालाय. आणि सकाळी लवकर जावं. जमीन तापली की हवा लहरते, लांबच्या भिंगातून सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसतं आणि त्यावर कितीही महागडं भिंग उपाय नाही.) तीनशेतले दोनशे नव्वद फोटो तांत्रिकदृष्ट्या उत्तम असतात, हल्लीचं फोकस चुकतच नाही. तरी ठेवायचे चार-पाच. दोन काळविटांमध्ये थोडी मोकळी जागा आहे ना, चारही पाय वेगळे दिसतात का, शिंगं क्षितिजाच्या रेषेवर आपटत तर नाहीत, मागे गाडीचं टप आलंय का, एवढं बघून निम्मे गळतात. उरलेल्यांसाठी नियम नाही. ते मोबाइलवर न बघता मोठ्या स्क्रीनवर बघावेत, आठवडाभर सोडून द्यावेत, मग पुन्हा उघडावेत. काढताना झालेली दमछाक, मिळालेला आनंद तोवर उतरलेला असतो आणि फोटो जसा आहे तसा दिसतो. अलीकडे फोनच 'उत्तम फोटो' निवडून पुढे करतो. त्याने निवडलेले बघावेत जरूर, पण त्याने बाजूला टाकलेले आधी बघावेत.